फॅन एडिट करताय? आधी ठरवा, सिनेमा कुणाचा

'द हॉबिट'चे तीन भाग घ्यायचे आणि त्यातून एकच सिनेमा काढायचा, हा एडिटिंग शिकणाऱ्या पोरापोरींचा आवडता उद्योग. चाहत्याने सिनेमाची अशी स्वतःची आवृत्ती कापून काढणं म्हणजेच फॅन एडिट. माझ्याकडे कुणी सल्ला मागायला आलं की मीही तोच सुचवते. मी मालिकांवर असिस्टंट एडिटर आहे, तिथे एपिसोड वेळेत टेलिकास्टला जाणं एवढंच पाहिलं जातं. कट का केला, तिथेच का केला, हा विचार मी शिकले तो या रिकाम्या वेळच्या खटाटोपातून.

मटेरियल म्हणून हे तीन भाग उत्तम. २०१२, २०१३ आणि २०१४ चे थिएटरमधले कट १६९, १६१ आणि १४४ मिनिटांचे, म्हणजे जवळजवळ आठ तास. आणि टॉल्किनचं १९३७ चं मूळ पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं, एका बैठकीत नाही तरी एका शनिवार-रविवारात संपणारं. गोष्ट एवढीच: स्मॉग नावाच्या ड्रॅगनने बळकावलेला डोंगर परत मिळवायला थोरिन आणि त्याचे बारा बुटके साथीदार निघतात, आणि जादूगार गँडाल्फ त्यांच्याबरोबर बिल्बो नावाच्या साध्यासुध्या, छोट्या चणीच्या हॉबिटला धाडतो. पीटर जॅक्सन आधी दोनच भाग करणार होता, तिसरा २०१२ च्या जुलैत ठरला. त्यामुळे कुठे ताणलंय, कुठून काय आणून जोडलंय, हे पुस्तक वाचलेल्याला लगेच कळतं. लेगोलस हा एल्फ मूळ गोष्टीत नाही. टॉरिएल ही एल्फ तरुणी तर सिनेमासाठीच निर्माण केलेली. ऑर्क नावाच्या राक्षसांचा म्होरक्या अझोग पुस्तकात केव्हाच मेलेला आहे, इथे मात्र तो पहिल्या भागापासून थोरिनच्या मागावर.

अशी कात्री चालवणारे आपण पहिले नाही. १९९९ च्या 'स्टार वॉर्स'मधलं जार जार बिंक्स हे विनोदी पात्र कमी करून फिरलेली 'फँटम एडिट' २००१ पर्यंत हॉलिवुडमध्ये चर्चेचा विषय झाली होती. 'हॉबिट'ची साधारण चार तासांची एक आवृत्ती तिसरा भाग आल्यावर लगेच, २०१५ च्या जानेवारीत आली. टोफर ग्रेस या नटाने तर तिन्ही भाग दोन तासांत बसवले.

आता मुद्द्याचं. नवखा माणूस 'काय कापू?' या प्रश्नाने सुरुवात करतो. यादी करतो: टॉरिएल नको, अझोग नको, डोल गुल्डुरचा किल्ला नको. यादी बरोबर असते, पण अशा यादीतून फक्त छोटा सिनेमा निघतो. आधी हे ठरवा की तुमच्या कटमध्ये सिनेमा कुणाचा आहे.

गँडाल्फचं बघा. मिर्कवुड जंगलाच्या तोंडाशी तो सगळ्यांना सोडून निघून जातो. जॅक्सनच्या कटमध्ये आपण त्याच्याबरोबर डोल गुल्डुरला जातो, त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते बघतो. म्हणजे आपल्याला बिल्बोपेक्षा जास्त माहिती असते. तो सगळा भाग काढा, आणि गँडाल्फ नुसता नाहीसा होतो. का गेला, परत येणार का, काही कळत नाही. जंगलात आपणही बिल्बोइतकेच पोरके होतो. एकही नवा शॉट न घालता सिनेमा बिल्बोचा झाला. पुस्तकातही तसंच आहे.

अझोगचंही तेच. तो मागे लागलेला असतो तोवर हा पाठलागाचा सिनेमा असतो आणि पाठलागात मुख्य माणूस थोरिन. बिल्बो आपला बरोबर पळतोय. अझोग गेला की संकटं वाटेत भेटत जातात, प्रवासाची गोष्ट होते. पण सांभाळून! पहिल्या भागाच्या शेवटी जळत्या झाडांपाशी थोरिन अझोगवर चालून जातो, बिल्बो त्याला वाचवतो, म्हणून नंतर थोरिन त्याला मिठी मारतो. अझोग काढलात तर त्या मिठीला कारण उरत नाही. त्यामुळे अझोगला मुळापासून उपटू नका, तेवढ्यापुरता ठेवा. आधीच्या भूतकाळाच्या गोष्टी आणि मधले मधले त्याचे दरबार उडवा. शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतील. मुरडू देत.

टोनबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, आणि ती कुठल्याही फँटसीला लागू पडते. बुटके पिंपांत बसून नदीतून पळतात त्या दृश्यात त्यांच्यातला बोम्बुर पिंपासकट उसळ्या मारत काठावरच्या ऑर्कना लोळवत जातो. गॉब्लिन टाउनमध्ये सगळे एवढ्या उंचावरून कोसळतात आणि अंग झटकून उठतात. मजा येते, नाही म्हणत नाही. पण ज्या जगात एवढ्या उंचावरून पडूनही कुणाला खरचटत नाही, त्याच जगात शेवटी थोरिन आणि त्याचे भाचे फीली, कीली मरतात तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसायचा कसा? ही दोन दृश्यं निम्म्यावर आणा आणि मग शेवट बघा. शेवटाला हातही न लावता तो जड होतो. तुम्हाला शेवट आवडत नसेल तर बऱ्याचदा दुखणं तासभर आधी असतं.

आता एक सापळा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळे यातच फसतात आणि मीही फसले होते.

तुम्ही सिनेमा पाचपन्नास वेळा बघितलेला असतो. दृश्य टाइमलाइनवरून जातं, पण डोक्यातून जात नाही. प्लेबॅक बघताना रिकाम्या जागी तुमचा मेंदू मूळ दृश्य गुपचूप भरून घेतो. तुम्हाला सगळं सुरळीत वाटतं, कारण तुम्ही प्रत्यक्षात दोन सिनेमे एकदम बघत असता.

टॉरिएल आणि कीलीचं प्रेमप्रकरण काढायचं म्हटलं की हे हटकून होतं. दोघांचे एकत्र सीन काढणं सोपं. पण कीलीला पिंपांच्या वेळी विषारी बाण लागतो. त्या बाणामुळे थोरिन त्याला तळ्यातल्या लेकटाउन गावात मागे ठेवतो. तो थांबला म्हणून फीली थांबतो, ओईन थांबतो. बोफुर झोपून राहिल्यामुळे बोट चुकवतो. डोंगरावर तेरा बुटक्यांतले नऊच पोचतात. कीलीला बरं कोण करतं? टॉरिएल. लेकटाउन जळताना बोटीतून निसटतात त्या शॉट्समध्ये कोण बसलंय? टॉरिएल. कीली मरतो तिथे कोण आहे? पुन्हा तीच. एक धागा ओढला की अर्धा सिनेमा हातात येतो, आणि तरी एडिट टेबलवर तुम्हाला काही खटकत नाही, कारण ते चौघं कुठे आहेत हे तुम्हाला माहीत असतं.

माझा रफ कट मावशीने बघितला. तिला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. डोंगराचं दार उघडलं आणि तिने विचारलं, "अगं, तो खुरट्या दाढीचा देखणा पोरगा कुठे गेला?" मी समजावायला तोंड उघडलं आणि तिथेच कळलं की मी तोंडी सांगतेय ते पडद्यावर नाहीये.

उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. प्रत्येक कापलेल्या दृश्यासाठी एका कागदावर लिहा: यात प्रेक्षकाला पहिल्यांदा काय कळत होतं? कोण कुठून कुठे गेलं? कुणाच्या अंगावर जखम आली, हातात वस्तू आली? मग पुढच्या कटमध्ये यातली कुठली गोष्ट गृहीत धरली आहे ते शोधा. कीलीच्या बाबतीत मी शेवटी जखम ठेवली, विषाचा उल्लेख काढला, मागे ठेवण्याचा सीन पूर्ण ठेवला. टॉरिएल थोडी उरली. प्रेमिका म्हणून नाही, एक एल्फ शिपाई म्हणून. उरू दे. शून्यावर आणायचा हट्ट केला की भोकं पडतात. आणि कट सिनेमा न बघितलेल्या माणसाला दाखवा. मित्रांना दाखवून उपयोग नाही, त्यांच्याही डोक्यात मूळ सिनेमा चालू असतो. हा माणूस प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर देऊ नका. प्रश्न लिहून घ्या. तुम्ही उत्तर दिलंत की तो प्रेक्षक तुमच्यासाठी संपला, पुन्हा वापरता येत नाही.

हे वाचून घाबरू नका. पहिला रफ कट सगळ्यांचाच चाळणी असतो.

कापण्यापेक्षा जागा बदलणं जास्त शिकवतं. तिसऱ्या भागात अर्केनस्टोन या मण्यापायी संशयाने पछाडलेला थोरिन बिल्बोला दरडावून विचारतो की हातात काय लपवलंयस. बिल्बो मूठ उघडतो तर आत बेऑर्नच्या बागेतलं ओकचं बी. घरी नेऊन लावणार म्हणतो. थोरिनचा चेहरा सैल पडतो, क्षणभर तो जुना थोरिन होतो. अर्केनस्टोन बिल्बोकडेच आहे हे आपल्याला आधी कळलेलं असतं, त्यामुळे या दृश्यात आपला जीव मुठीत असतो. आता गंमत करा: मणी बिल्बोकडे असल्याचे सगळे इशारे उचलून या दृश्याच्या नंतर टाका. तोच सीन, तेच चेहरे, आता तो दोन मित्रांमधला शेवटचा निर्मळ क्षण वाटतो, आणि मागाहून मणी दिसला की बिल्बोबद्दल पोटात कालवतं. कोणता क्रम बरा? मला मूळचाच बरा वाटतो. पण हे दोन्ही करून बघितल्याशिवाय मला ते पटलं नसतं.

दुसऱ्या भागाच्या शेवटीही असंच. भट्टीतला लांबलचक पाठलाग आणि वितळलेल्या सोन्याचा पुतळा पुस्तकात नाही. तो काढला तर स्मॉग चिडून उडतो ते बिल्बोने बोलण्याच्या नादात पिंपांचा उल्लेख करून लेकटाउनचा सुगावा दिल्यामुळे. मग 'आपण हे काय करून बसलो' असं बिल्बो शेवटी म्हणतो, तेव्हा त्यातलं 'आपण' सगळ्यांमध्ये वाटलं जात नाही, त्याच्या एकट्याच्या जिभेवर येऊन पडतं. स्मॉग झालेल्या बेनेडिक्ट कंबरबॅचचा आवाज आणि बिल्बो झालेल्या मार्टिन फ्रीमनचा चेहरा एवढ्यावर ते पेलतं.

आवाजाकडे वळू. चित्रात कट लपतो, म्युझिकमध्ये लपत नाही. हॉवर्ड शोरचं संगीत लांब श्वासाचं आहे, मधून चार सेकंद काढलीत तर सूर ठेचकाळतो. ५.१ ट्रॅक, म्हणजे सहा वेगवेगळ्या चॅनेलवरचा आवाज असेल तर संवाद बहुतेक सेंटर चॅनेलवर मिळतात. बाकीचे चॅनेल उतरवून दुसरीकडचं संगीत किंवा नुसता वारा-पाणी खाली घालता येतं. आवाज चित्राच्या जरा आधी आणा किंवा जरा मागे रेंगाळू द्या, निम्मे सांधे दिसेनासे होतात. संवाद आणि संगीत वेगळं करून देणारी एआय टूल्स आली आहेत. वापरा, पण हेडफोन लावून ऐका. बऱ्याचदा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. संगीताने काय होतं त्याचा पुरावा हवा असेल तर रिडली स्कॉटचा १९८५ चा 'लेजंड' शोधा. युरोपात जेरी गोल्डस्मिथचा ऑर्केस्ट्रा, अमेरिकेत टँजरिन ड्रीमचे सिंथेसायझर. एकात परीकथा, दुसऱ्यात भलतंच स्वप्न.

तयार कट-लिस्ट डाउनलोड करून तीच आपल्या टाइमलाइनवर उतरवणारे भेटतात. शिकत काही नाहीत, फक्त एक्स्पोर्ट करायला शिकतात. आणि 'रिदम आतून यायला हवा' एवढंच सांगणाऱ्या मेंटॉर लोकांपासून लांब राहा. मला असे एक गुरू लाभले होते. कुठल्या फ्रेमवर, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हॉलिवुडचा नावाजलेला एडिटर वॉल्टर मर्च निदान आकडे तरी देतो: चांगल्या कटमध्ये भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, लयीला १०. आकड्यांवर जाऊ नका, क्रम बघा.

कायद्याचं थोडक्यात आणि स्पष्ट: अपलोड करू नका. विकू तर नकाच. 'डिस्क मी विकत घेतली आहे' म्हणून ती वाटायचा हक्क मिळत नाही, आणि डिस्कवरचं कुलूप तोडण्याबद्दल आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून ६५ए हे कलम आहे. अभ्यासासाठी स्वतःच्या मशीनवर ठेवा. नैतिकतेच्या गप्पा मारताना हेही ध्यानात असू द्या की आपल्या कायद्यात सिनेमाचा 'लेखक' निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. २०२५ मध्ये 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआय वापरून बदलून ती पुन्हा थिएटरात आणली गेली, दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर विरोध केला, तरी ती लागलीच. चाहत्याने केलं तर चोरी आणि मालकाने केलं तर आवृत्ती. मला यात काही न्याय दिसत नाही, पण नोकरी शोधताना हा वाद घालू नका.

नोकरीवरून आठवलं. इंटरव्ह्यूला चार तासांची फाइल घेऊन जाऊ नका, कुणी बघत नाही. तीन-चार मिनिटांचा एकच तुकडा लॅपटॉपवर न्या: आधी मूळ, मग तुमचा. ओकच्या बीचा सीन चालेल. दोन्ही दाखवून झाल्यावर गप्प बसा. समोरच्या एडिटरने 'हे इथे का नेलंस?' विचारलं की तुमचा इंटरव्ह्यू सुरू झाला. न विचारता 'सॉफ्टवेअर कोणतं येतं?' म्हणाला तर तेही नीट सांगा. भाडं भरायचं असतं.