रूपक वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

ग्वाल्हेरातील मराठी घरांत शाळेची भाषा हिंदी असल्यामुळे मुले मराठी कविता बहुधा आधी ऐकतात आणि पुष्कळ उशिरा वाचतात. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात आमच्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या मुलांबरोबर ग्वाल्हेरचेच राजकवी भा. रा. तांबे यांची ‘नववधू प्रिया मी बावरते’ ही कविता वाचताना ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्या बहुतेक सगळ्या रूपकापाशी होतात.

पहिली चूक शब्दातच होते. हिंदीतल्या ‘बावरी’मुळे ‘बावरते’ म्हणजे प्रेमाने वेडी होते, असा अर्थ मुले सहज लावतात. मराठीत बावरणे म्हणजे भांबावणे, पाऊल पुढे टाकावे की मागे घ्यावे हे न कळणे. नववधू उतावीळ आहे की धास्तावलेली आहे, हे या एका शब्दावर ठरते आणि पुढचे सारे रूपक त्यावरच उभे राहते. म्हणून ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचा मराठी अर्थ आधी पाहून घ्यावा.

अलंकाराचे नाव सांगून थांबणे ही दुसरी चूक. ‘सारखा’ असेल तर उपमा, ‘जणू’ असेल तर उत्प्रेक्षा आणि उपमेय (ज्याविषयी बोलायचे ते) आणि उपमान (ज्याची उपमा द्यायची ते) यांत भेदच ठेवला नसेल तर रूपक, ही खूणगाठ परीक्षेपुरती ठीक आहे. तिने अर्थ लागत नाही.

सर्वांत मोठी चूक चांगल्या वाचकांच्या हातून होते. ही कविता लग्नाच्या मिषाने मृत्यूविषयी बोलते असे कळले, की ते ‘माहेर म्हणजे इहलोक, सासरी जाणे म्हणजे मरण’ असा तक्ता मांडतात आणि नववधूला विसरून जातात. वास्तविक सासरी निघालेल्या मुलीला वर हवासा असतो, त्याच्यावाचून संसार फुका आहे हे तिला ठाऊक असते, आणि तरीही इथली बाग, इथला मळा सोडताना तिचे मन चरचरते, ताज्या जखमेला मीठ लागावे तसे. ओढ आणि भीती एकाच जिवात एकाच वेळी खरी असते, हे मरणाविषयीचे म्हणणे नववधूवाचून उभेच राहत नाही.

याची खात्री करायची असेल, तर उपमान बदलून पाहावे. नववधूच्या जागी घरी परतणारा प्रवासी ठेवला तर ओढ राहते, पण बावरणे जाते. तुरुंगातून सुटणारा कैदी ठेवला तर मागे राहणाऱ्या जागेचा लळा नाहीसा होतो. असे जे जे निसटते, ते ते त्या रूपकाने कवितेत आणलेले असते.

तक्ता मांडण्याची सवय लागली, की मुले बागेचा आणि मळ्याचाही वेगवेगळा गूढार्थ विचारू लागतात. तसा तो शोधू नये. मुलीने लहानपणापासून पाहिलेला मळा मळाच राहू द्यावा, कारण तो खरा वाटला तरच तो सोडताना मन चरचरते.