वॉर्डात वरच्याला कसं बोलायचं आणि खालच्याचं कसं ऐकायचं: नवीन सिस्टर, ब्रदर आणि इंटर्नसाठी

मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सोळा वर्षं झाली, मेडिकल वॉर्ड, कॅज्युअल्टी, ओटी (ऑपरेशन थिएटर) सगळं फिरून झालंय. कॉलेजात आयव्ही कशी लावायची ते शिकवतात, पण रात्री दोन वाजता झोपमोड झालेल्या रजिस्ट्रार डॉक्टरला फोन करून काय बोलायचं हे कुणी शिकवत नाही, ते आपण ओरडा खाऊन खाऊन शिकतो आणि तोवर एखाद्या पेशंटने त्याची किंमत मोजलेली असते. म्हणून हे लिहितेय.

आधी उतरंड समजून घ्या. वर एचओडी म्हणजे विभागप्रमुख, मग युनिटचे सर-मॅडम, लेक्चरर, सीनियर रेसिडेंट, मग जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) थ्री, टू, वन आणि इंटर्न. आमच्या बाजूला मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, स्टाफ, नर्सिंगच्या मुली. आणि सगळ्यात खाली मामा (वॉर्डबॉय), मावशी (आया), सफाई कामगार, त्यातही परमनंट वेगळे आणि कंत्राटी वेगळे. हुकूम वरून खाली सरसर येतो. खबर मात्र खालून वर जाताना दर मडक्याशी अडते. पेशंटच्या सगळ्यात जवळ कोण असतं? मावशी. ती बेडपॅन देते, चादर बदलते, कूस वळवते. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं उभे राहतात.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, नाइट ड्युटी. मावशी येऊन म्हणाल्या, सिस्टर, चौदा नंबरच्या बाबांची शी डांबरासारखी काळी आलीये, चिकट, वासही वेगळाच येतोय. मी रिपोर्ट बुक लिहीत होते, मान वर न करता म्हटलं, बरं बघते. आणि नाही बघितलं. बाबांना हार्टसाठी रक्त पातळ करणारं इंजेक्शन, हेपारिन, चालू होतं, त्याचा रात्रीचा डोससुद्धा मी माझ्या हाताने दिला. पहाटे चारला बीपी ८० वर आलं, अंग घामाने चिंब. आतून ब्लीडिंग चालू होतं. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, बाबा वाचले, पण मावशींनी मला पाच तास आधी सांगितलं होतं. हेच जर एखाद्या डॉक्टरने सांगितलं असतं तर मी पळत गेले असते ना? तेव्हापासून मी एक केलंय, ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्ड ताब्यात घेताना, मावशींना आणि मामांना बाजूला उभं करते आणि विचारते, आज कोण वेगळं वाटलं. कुणी जेवलं नाही, कुणी बडबडतंय, कुणाचे पाय गार आहेत. दोन मिनिटं लागतात. आणि त्यांनी काही सांगितलं की लगेच उठून त्यांच्यासमोरच बघायचं, उगाच निघालं तरी बरं झालं सांगितलंत म्हणायचं, कारण एकदा झिडकारलं की माणूस परत सांगायला येत नाही.

आता वरच्याला फोन. नवीन मुली फोनवर म्हणतात, "सर, चौदा नंबरला बरं वाटत नाहीये, येऊन बघता का प्लीज". समोरून उत्तर येतं, "बघू राउंडला", फोन कट. सर वाईट आहेत असं दरवेळी नसतं, तो पोरगासुद्धा छत्तीस तास उभा असतो आणि तुमच्या बोलण्यातून त्याला काहीच कळलेलं नसतं. असं बोला: "सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड चौदा, अडुसष्ट वर्षांचे बाबा, हार्टसाठी दाखल, हेपारिन चालू. दहाला बीपी १३० होतं, आता ९०, पल्स ११८, दोनदा काळी शी झालीये. मला आतून ब्लीडिंग वाटतंय. पुढचा डोस मी होल्ड करतेय, रक्ताच्या क्रॉसमॅचला सॅम्पल काढून ठेवते, तुम्ही आत्ता येऊन बघा." कोण, काय चाललंय, आधी कसं होतं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय, एवढंच. आकडे फोन उचलायच्या आधी कागदावर लिहून घ्या, घाबरल्यावर आठवत नाहीत. "मला वाटतं" म्हणायला अजिबात लाजायचं नाही, निदान करतेय म्हणून कुणी टोमणा मारला तर मारू दे. आणि फोनची वेळ आणि काय सांगितलं ते नोट्समध्ये लिहायचंच.

चुकीची ऑर्डर आली तर काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. समजा फोनवर सांगितलं, केसीएल एक अॅम्प्यूल स्टॅट आयव्ही, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड लगेच शिरेतून. ते दहा मिलीचं अॅम्प्यूल तसंच शिरेत दिलं तर हार्ट बंद पडतं, हे आपल्याला माहीत असतं, आणि सरांनाही माहीत असतं, ते घाईत अर्धंच बोललेत. तिथे "सर तुम्ही चुकलात" म्हणू नका. ऑर्डर मोठ्याने परत वाचा आणि राहिलेलं विचारा, "सर, केसीएल एक अॅम्प्यूल, किती सलाइनमध्ये आणि किती तासांत?" दहातल्या नऊ वेळा तिथेच सुधारणा होते आणि कुणाचा मानही जात नाही. दहाव्या वेळी समोरचा म्हणेल, सांगितलंय तेवढं कर. मग दुसऱ्यांदा, सरळ: "सर, असं डायरेक्ट मी देणार नाही, पेशंटला धोका आहे." दोनदा बोलूनही नाही ऐकलं तर त्याच्या वरच्याला फोन, इन्चार्ज सिस्टरला फोन, त्यात चहाडी वगैरे काही नाही. "लिहून द्या मग देते" एवढ्यावर थांबू नका, लेखी चुकीच्या ऑर्डरनेही पेशंट मरतोच, फक्त आपली कातडी वाचते.

इंटर्न आणि जेआर, तुमच्यासाठी एक खरी घटना. २००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली नावाची बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला आली. भूल दिल्यावर श्वासाची नळी जाईना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, ते पुन्हा पुन्हा नळीच घालत राहिले. एका नर्सने ट्रेकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा) सेट आणून ठेवला आणि तसं सांगितलं, दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला. त्या मुलींना कळलं होतं काय करायला हवं, पण आपलं म्हणणं रेटायचं कसं हे त्यांना सुचेना. बाई तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा पायलट, विमानात ज्युनिअरने कॅप्टनला टोकायचं ट्रेनिंगच असतं, ते दवाखान्यातही यावं म्हणून तो पुढे काम करत राहिला. डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट २००८ साली आली, त्यात चिरा घ्यायच्या आधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. बऱ्याच ओटीत तो कागद आपण नंतर बसून टिक करतो. तसं करू नका. ज्याने सुरुवातीला मोठ्याने स्वतःचं नाव घेतलं त्याचं तोंड पुढे मॉप (रक्त टिपायचा कपडा) मोजणीत कमी भरला तर उघडतं, हे मी ओटीत स्वतः बघितलंय. आठ शहरांत, त्यात दिल्लीही होतं, ही चेकलिस्ट वापरून बघितली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले.

सुईचं पण सांगते, कारण त्यात उतरंड अगदी उघडी दिसते. प्रोसिजर झाली की डॉक्टर ट्रे तसाच टाकून जातात, सुया कापसात, गॉजमध्ये, कधी पिवळ्या पिशवीत. ती पिशवी बांधताना टोचते कुणाला, तर कंत्राटी मावशीला, जिचा पगार दोन महिने थकलाय आणि जी कामावरून काढतील या भीतीने कुणाला सांगत नाही. जो वापरतो त्यानेच सुई पांढऱ्या डब्यात टाकायची, बेडवरून हलायच्या आधी. मावशीला टोचलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, दाबायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, आणि तिला एकटीला कॅज्युअल्टीत पाठवू नका, सोबत जा, तिचा केसपेपर तुम्ही काढा. एचआयव्हीचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. आणि हिपॅटायटिस बीची लस झालीये का सगळ्यांची, हे इन्चार्जना विचारा. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत कचरा हाताळणाऱ्यांना ती देणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, कंत्राटी असले तरी.

नावं शिका. पन्नाशीच्या माणसाला बावीस वर्षांची मुलगी "ए मामा, ट्रॉली आण" म्हणते तेव्हा पेशंटचे नातेवाईक पण तेच शिकतात, मग तेही त्यांच्यावर हात उगारतात.

वरचा माणूस पेशंटसाठी रागावतोय का तुम्हाला चिरडतोय, हा फरक ओळखा. "रिपोर्ट का नाही आणला" हा ओरडा आहे. रोज सगळ्यांसमोर अपमान, जेवू न देणं, ओटीतून बाहेर काढणं, जातीवरून, कोट्यावरून, भाषेवरून बोलणं, हे वेगळं. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर हॉस्पिटलमधली आपली रेसिडेंट डॉक्टर पायल तडवी आत्महत्या करून गेली, तीन सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळाचा गुन्हा दाखल झाला, प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा असं काही होत असेल तर एकट्याने गिळू नका. छोट्या वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण उभं होतं, सगळं त्याच रात्री लिहा. मेसेज डिलीट करू नका. घरी सांगा. रेसिडेंट असाल, इंटर्न असाल, नर्सिंगची विद्यार्थिनी असाल तर महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, लेखी तक्रारीवर कॉलेजच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि प्रथमदर्शनी खरं निघालं तर आरोपीला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. जातीवरून असेल तर अॅट्रॉसिटी, अंगचटीला येणं असेल तर हॉस्पिटलची अंतर्गत समिती. आमच्यासारख्या नोकरीतल्यांनी मेट्रनकडे आणि युनियनकडे, दोन्हीकडे एकाच दिवशी. तोंडी सांगून परत येऊ नका, दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घ्या आणि तिथेच उभं राहून त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा.