गोष्टीला स्पर्शाची जोड कशी द्यावी

लहान मूल पुस्तक आधी चाटते, चुरगळते, आपटते आणि मग कधीतरी ऐकते. त्याच्या या सवयीचा वाचनासाठी चांगला उपयोग करून घेता येतो. मात्र गोष्टीतली प्रत्येक वस्तू ताटात मांडण्याचा मोह टाळावा, कारण पसारा वाढला की पुस्तक बाजूला पडते (आणि मांडणीत मुलापेक्षा पालकच जास्त रमतात). एका पुस्तकातले एक पान आणि त्यासाठी एक वस्तू एवढे पुरते.

समजा, गोष्ट पावसाची आहे. पहिल्यांदा ती नुसती चित्रे दाखवत वाचावी. दुसऱ्या वेळी पसरट भांड्यात बोटभर पाणी आणि स्पंजचा मोठा तुकडा ठेवावा, पाऊस सुरू होतो त्या पानावर थांबावे आणि मुलाला स्पंज बुडवून वर उचलू द्यावा. पाणी आधी धो धो गळते, मग निथळते आणि शेवटी थेंब थेंब ठिबकते. ते जसे बदलेल तसा नेमका शब्द त्याच क्षणी उच्चारावा. निथळणे आणि ठिबकणे यांतला फरक कितीही समजावला तरी मुलाला कळत नाही, हाताला मात्र तो लगेच कळतो. तिसऱ्या वाचनात भांडे मांडूच नये, त्याच पानावर "आता पाणी काय करतंय?" असे विचारावे आणि मनात पाचपर्यंत मोजत उत्तराची वाट पाहावी. खरखरीत, गुळगुळीत, भुसभुशीत, लिबलिबीत हे शब्दही असेच हातातून तोंडात येतात. एखाद्या मुलाला ओले किंवा चिकट नकोसे वाटते. त्याला चमचा द्यावा, आग्रह करू नये.

अक्षरओळखीसाठी इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांची खरखरीत अक्षरांची पद्धत आजही उपयोगी पडते. त्यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपली पहिली बालशाळा सुरू केली होती. पुठ्ठ्यावर पॉलिशपेपरचे अक्षर कापून चिकटवावे, लिहिण्याच्या दिशेने त्यावरून मुलाची तर्जनी आणि मधले बोट फिरवावे आणि सोबत त्या अक्षराचा उच्चार करावा. सुरुवात गोष्टीतल्या आवडत्या प्राण्याच्या आद्याक्षराने केली तर मूल ते अक्षर पुढे पुस्तकात स्वतःच शोधू लागते.

तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते, म्हणून बिया, मणी, गुंड्या त्याला देऊ नयेत. पाण्यात फुगणारे जेलीचे गोळे तर घरातच नसावेत. गिळल्यास ते पोटात फुगून आतडे अडवू शकतात. बोटभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, त्यामुळे क्षणभरही उठून जाऊ नये आणि खेळ संपताच भांडे रिकामे करावे. भांडे आणि पुस्तक यांच्यामध्ये एक पंचा अंथरून ठेवावा. हात त्यावर पुसल्याशिवाय पान उलटायचे नाही, हे मूल दोन-तीन दिवसांत शिकते.