विंडोज की मॅक? संगणकाच्या किमतीची तुलना करताना या चुका टाळा

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राचे प्रवेश सुरू झाले की जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळे-नंदुरबारच्या दुकानांपर्यंत पालक एकच प्रश्न विचारताना दिसतात: मॅक, म्हणजे अ‍ॅपलचा संगणक, जवळजवळ दुप्पट महाग आहे, तर तो दुप्पट चांगला आहे का? संगणक कोणत्या कामासाठी आणि किती वर्षांसाठी घ्यायचा आहे, हे ठरल्याखेरीज या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. ते न ठरवताच दोन पेट्यांवरचे आकडे शेजारी ठेवले जातात आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी यंत्र, मग सॉफ्टवेअर ठरवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खानदेशात संगणकावर चालणारे बरेचसे काम हिशेबाचे आहे. केळी आणि कापसाचे व्यापारी, जिनिंगची कार्यालये, सराफी पेढ्या, कर सल्लागार यांच्याकडे टॅलीप्राइम असते आणि ते विंडोजसाठी बनवलेले आहे; मॅकसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती नाही. जीएसटी विवरणपत्रांचे ऑफलाइन टूलही विंडोजवरच चालते. लग्नपत्रिका आणि जाहिरातींचे डीटीपी करणाऱ्यांकडे जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्याआधीच्या) मराठी फाँटमध्ये केलेल्या शेकडो फायली असतात आणि त्या उघडणारी सॉफ्टवेअरही विंडोजवरचीच असतात. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर मॅकसाठी मिळतो का, हे तर टोकन देणाऱ्यालाच विचारून घ्यावे लागते.

"मॅकवर विंडोजही टाकता येते" असे दुकानात सांगितले जाते, पण हे विधान आता अर्धेच खरे आहे. इंटेल प्रोसेसरच्या मॅकमध्ये अ‍ॅपलचे बूट कॅम्प हे सॉफ्टवेअर वापरून विंडोज थेट बसवता येत असे. नोव्हेंबर 2020 मध्ये अ‍ॅपलने स्वतःचा एम1 प्रोसेसर आणला आणि त्या मालिकेपासून ही सोय राहिली नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरच्या आत विंडोज 11 ची एआरएम (अ‍ॅपलच्या प्रोसेसरला चालणाऱ्या प्रकारची) आवृत्ती चालवता येते. मात्र त्यासाठी त्या सॉफ्टवेअरचा आणि विंडोजचा अशा दोन परवान्यांचे पैसे मोजावे लागतात आणि यंत्राची मेमरी दोन ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वाटली जाते. मॅक आधीच घेतला असेल, तर कार्यालयातला जुना विंडोज संगणक टॅलीसाठी चालू ठेवून त्यावर रिमोट डेस्कटॉपने काम करणे हा त्यातल्या त्यात कमी खर्चाचा मार्ग आहे. कायदेशीर रिमोट जोडणीसाठी त्या संगणकावर विंडोजची होम नव्हे तर प्रो आवृत्ती लागते, किंवा त्याच कामाचे वेगळे सॉफ्टवेअर.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आयफोनची अ‍ॅप बनवायला शिकणाऱ्या मुलाला एक्सकोड लागते आणि ते फक्त मॅकवर चालते. त्याच्यासाठी 40,000 रुपयांचा विंडोज लॅपटॉप स्वस्त नाही, निरुपयोगी आहे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर आपण वापरणार असलेल्या सॉफ्टवेअरची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या प्रणालीवर चालते याची नोंद करावी. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमात यंत्रभागांचे आराखडे काढणारे सॉलिडवर्क्स आहे का, हे महाविद्यालयात आवर्जून विचारावे; तेही विंडोजवरच चालते.

पाटीवरची किंमत हीच पूर्ण किंमत मानणे

समजुतीसाठी काही आकडे धरू या. भाव बदलतात, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या कोटेशनचे आकडे घालावेत. 50,000 रुपयांचा विंडोज लॅपटॉप घेतला, मध्ये बॅटरी बदलण्यास आणि मेमरी वाढवण्यास 8,000 रुपये लागले आणि पाच वर्षांनी तो 8,000 रुपयांना विकला गेला, तर निव्वळ खर्च 50,000 रुपये, म्हणजे वर्षाला 10,000 रुपये झाला. 95,000 रुपयांचा मॅकबुक घेतला, पोर्टच्या जोडण्यांसाठी 3,000 रुपये घातले आणि पाच वर्षांनी 38,000 रुपये हाती आले, तर निव्वळ खर्च 60,000 रुपये, वर्षाला 12,000 रुपये. पाटीवर 45,000 रुपयांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात पाच वर्षांत 10,000, म्हणजे वर्षाला 2,000 रुपयांवर येतो, कारण जुन्या बाजारात मॅकला तुलनेने चांगला भाव मिळतो.

आता याच मॅकवर टॅली चालवायची ठरवली आणि पॅरलल्ससारखे सॉफ्टवेअर व विंडोजचा परवाना मिळून पाच वर्षांत 40,000 रुपये लागले असे धरले, तर खर्च 1,00,000 रुपयांवर, म्हणजे वर्षाला 20,000 रुपयांवर जातो. यंत्र तेच, मालक तोच. केवळ काम बदलल्याने हिशेब विंडोजच्या दुप्पट झाला. माझ्या मते असा हिशेब मांडल्याखेरीज कोणत्याही बाजूने बोलू नये.

नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतला, तर व्यवसायासाठीच्या संगणकावरील 18 टक्के कराचे क्रेडिट मिळू शकते. विद्यार्थ्याला ते मिळत नाही. व्यापारी आणि विद्यार्थी यांची तुलना म्हणूनच एकसारखी होत नाही.

डॉसवाला लॅपटॉप स्वस्त समजणे

तोच लॅपटॉप एका दुकानात काही हजारांनी कमी दिसला, तर त्यात विंडोजचा परवाना आहे का, ते पाहावे. 'डॉस' म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात तो नसतो. त्यावर चोरीची विंडोज टाकून घेणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जीएसटी आणि बँकेचे पासवर्ड ज्या यंत्रावर आपण टाकतो, तिथे अनोळखी क्रॅक, म्हणजे परवाना चुकवणारा प्रोग्राम, चालवणे फार धोक्याचे आहे. परवाना नको असेल, तर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि लिब्रेऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

'आय7 आहे' एवढ्यावर समाधान मानणे

प्रोसेसरचे नाव सांगितले जाते, पिढी सांगितली जात नाही. जुन्या मालात चौथ्या पिढीचा आय7 भरपूर मिळतो. मात्र विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, त्यामुळे असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी व्यवहारासाठी घेऊ नये. घरात आधीपासून असलेल्या यंत्रावर विंडोज 11 नाकारले जात असेल, तर ते भंगारात काढण्यापूर्वी विंडोज आणि आर ही बटणे दाबून tpm.msc ही आज्ञा देऊन पाहावी. अनेक यंत्रांत टीपीएम असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेले असते.

मॅकच्या जुन्या मालातही हाच सापळा आहे. 2017-2018 चे इंटेल मॅकबुक आकर्षक भावात मिळतात, पण मॅकओएस 26 ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असून तीही मोजक्याच इंटेल मॉडेलांवर चालते.

मेमरीबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. अ‍ॅपलच्या प्रोसेसरच्या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि अनेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही ती मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते. 8 जीबीचा मॅक स्वस्त वाटून घेतला आणि दोन वर्षांनी अपुरा पडला, तर यंत्रच बदलावे लागते. उलट, विंडोज लॅपटॉप मंदावला असेल, तर नवा घेण्यापूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवल्याने बहुधा काम भागते.

आपल्याकडचा उन्हाळा विसरणे

मॅकबुकसाठी अ‍ॅपलने वापराचे तापमान 10 ते 35 अंश दिले आहे आणि विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपची मर्यादाही त्याच्याच आसपास असते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असतो. एम मालिकेच्या मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. ते शांत चालते, पण तापल्यावर स्वतःचा वेग कमी करते. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात दुपारभर व्हिडिओ संपादन करायचे असेल, तर पंखा असलेले यंत्र घ्यावे, मग ते मॅकबुक प्रो असो वा विंडोज. पंखा असलेल्या यंत्रात मात्र जिनिंगची रुई आणि धूळ अडकते. वर्षातून एकदा ते उघडून साफ करून घेणे हा देखभालीचा भागच आहे.

भारनियमनाच्या गावात डेस्कटॉपच्या किमतीत यूपीएस आणि त्याच्या बॅटरीचा खर्च मिळवावा. लॅपटॉपला तो लागत नाही.

दुरुस्तीचे अंतर न मोजणे

विंडोज लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा चार्जर बदलून देणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतो. मॅकच्या बाबतीत खरेदीपूर्वीच जवळचे अधिकृत सेवा केंद्र कोणत्या शहरात आहे, ते अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर पाहावे. शहाद्याहून किंवा चोपड्याहून त्यासाठी नाशिक वा पुणे गाठावे लागणार असेल, तर प्रवास, बुडालेला दिवस आणि यंत्राविना जाणारे दिवस हे सारे खर्चाच्या बाजूला मांडावेत. विंडोज लॅपटॉप घेतानाही कंपनी वॉरंटीत घरी येऊन दुरुस्ती करते का आणि आपला पिनकोड त्यात बसतो का, हे आधी विचारावे.

पैसे देण्यापूर्वी पेटीवरचा, यंत्राखालचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे याची खात्री करावी आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची मुदत दुकानातच तपासावी. दाखवण्यासाठी ठेवलेल्या यंत्राची मुदत कधी कधी आधीच सुरू झालेली असते.