खडपावर सर्वे करायला जाताय? टेप लावाच, पण आधी उंची मोजा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी रत्नागिरीजवळची दोन खडपं (समुद्रकिनाऱ्यावरचे खडकाळ भाग) घेतली होती. कुठला जीव कुठे आणि किती उंचीवर राहतो एवढंच मोजायचं होतं. पहिल्या सीझनचा जवळजवळ सगळा डेटा मला बाजूला ठेवावा लागला, म्हणून जे आता सुरुवात करतायत त्यांच्यासाठी लिहितेय.

झालं काय तर मी पाण्याच्या कडेपासून वर सरळ टेप टाकला (यालाच ट्रान्सेक्ट म्हणतात), दर २ मीटरला मोजणीची चौकोनी फ्रेम ठेवली आणि 'कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) १२ मीटरवर' असं लिहीत गेले. पण एका खडपावर ३० मीटर चालून जेमतेम अर्धा मीटर चढ, आणि दुसरीकडे ६ मीटरमध्येच दीड मीटर! मग १२ मीटरला अर्थ काय राहिला? कालवाला टेपशी देणंघेणं नाही, आपण रोज किती तास पाण्याखाली असतो हे त्याच्यासाठी महत्त्वाचं, आणि ते उंचीवर ठरतं.

उंची मोजायला महागडं मशीन लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेला पारदर्शक पाईप वापरतात ना, तो आणि दोन मापाच्या काठ्या पुरतात, फक्त पाईपात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. ओहोटी पूर्ण लागली की त्या मिनिटाला पाण्याच्या कडेला खडकावर खूण करा, टाइड टेबलमध्ये (भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात) त्या वेळेची जी उंची दिली असेल ती त्या खुणेची धरा आणि तिथून वर मोजत जा. लाटा उसळत असतील तर मात्र ही खूण चुकते, त्यामुळे शांत दिवस बघा आणि दोन-तीन दिवस खूण परत करून ताळा घ्या.

दिवस निवडताना अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण बघायचं, तेव्हाच पाणी सगळ्यात खाली जातं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) खालचा पट्टा उघडाच पडत नाही. आपल्याकडचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट: पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण तेव्हा भरती आणि सहा तासांनी सव्वापाचला ओहोटी. हा अंदाज झाला, अचूक वेळ टेबलातूनच घ्या. ओहोटीच्या दीड तास आधी उतरा, पाण्याच्या मागे मागे खाली जा, आणि पाणी फिरलं की हातातली फ्रेम अर्धी राहिली तरी वर निघा. एकट्याने कधीच जायचं नाही.

फ्रेम म्हणजे क्वाड्रॅट, मी ५० सेंमीची पीव्हीसी पाईपची केली, आत दर १० सेंमीवर दोरी, म्हणजे २५ घरं आणि एक घर ४ टक्के. शंख मोजता येतात, पण बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटून राहणारे बारीक कवचवाले जीव), शेवाळ यांची टक्केवारीच घ्या. आणि फ्रेम फेकून जिथे पडेल तिथे मोजणं हे रँडम नाही, नकळत हात चांगल्या जागेकडेच जातो! उंचीचे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात मोबाईलवर रँडम नंबर काढून जागा ठरवा.

जीव घोळक्याने आहेत का विखुरलेले, हे बघायला प्रत्येक पट्ट्याच्या आकड्यांचा व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) सरासरीने भागा. १ च्या आसपास आलं तर रँडम, बरंच जास्त आलं तर घोळके, कमी आलं तर सारख्या अंतरावर. समजा सरासरी ६ आणि व्हेरियन्स ३० तर उत्तर ५, म्हणजे घोळके. मात्र फ्रेमचा साइज बदलला की उत्तरही बदलतं, तेव्हा साइज रिपोर्टमध्ये लिहाच.

पट्टा दिसला की कारण लगेच ठोकून देऊ नका. जोसेफ कॉनेल या इकॉलॉजिस्टने १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बार्नेकलवर दाखवलं की वर राहणारी जात खालीही जगू शकते, पण तिथे दुसरी जात तिला दाबून टाकते. हे त्याला नुसतं मोजून नाही, एक जात काढून बघितल्यावर कळलं.

कालवं काढायला येणाऱ्या एक मावशी मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "वरची बारीकच रवतत गो, त्यांका पाणी खंय गावता?" (वरची बारीकच राहतात, त्यांना पाणी कुठे मिळतं?) मी ते वहीत लिहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या सीझनला उंचीसकट मोजलं तेव्हा अगदी तेच निघालं, आणि वर आणखी एक गोष्ट दिसली: खुल्या समुद्राकडे तोंड असलेल्या खडपावर कालवांचा पट्टा आडोशाच्या खडपापेक्षा बऱ्यापैकी वर होता, कारण तिथे लाटांचे शिंतोडे वरपर्यंत पोचतात आणि खडक ओला राहतो.