डायल-अप बोर्डावर गप्पा मारताना या चुका टाळा

फोंड्याला आमच्या माडीवर एका फळीवर चार जुने मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जोडणारे डबे, मांडलेले आहेत. शनिवारी रात्री नऊनंतर म्हापसा, साखळी, मडगावकडचे काही हौशी लोक त्यांच्यावर फोन लावून येतात आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत गप्पा मारतात. यालाच डायल-अप बोर्ड म्हणतात. हा उपद्व्याप कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं आहे. नवा माणूस मात्र पहिल्या तासात त्याच त्या चुका करतो. दरवेळी प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी एवढं लक्षात घ्या की तुम्ही टाइप करता ते ऐकणारे तिघे असतात. तुमच्या टेबलावरचा मोडेम, माझ्याकडचं बोर्डाचं सॉफ्टवेअर आणि खोलीतली, म्हणजे बोर्डावर गप्पांना जमलेली, माणसं. तार एकच. एकासाठी लिहिलेलं दुसऱ्याच्या कानी पडलं की घोटाळा झालाच.

सगळ्यात महागात पडते ती स्लॅशच्या आधी चुकून पडलेली मोकळी जागा. सॉफ्टवेअर ओळीचं पहिलंच अक्षर बघतं. तिथे स्लॅश असला तर ती कमांड, नसला तर ते बोलणं, आणि बोलणं सगळ्यांना दिसतं. कुणाच्या कानात काही सांगायचं तर आमच्याकडे स्लॅश, त्याला चिकटून नाव, मग मजकूर. चवथीच्या आधी साखळीच्या एका बाबाने मडगावच्या मित्राला कानात सांगायला घेतलं, ‘/दत्ता ह्यांच्या घरच्या नेवऱ्या गेल्या वर्षी दगडासारख्या होत्या.’ स्पेसबारला अंगठा लागला होता. ‘ह्यांच्या’ म्हणजे आमच्या. मी सगळं वाचलं, आईने ऐकलं, आणि यंदा त्याला डबा जाईल की नाही हे अजून ठरायचं आहे. खाजगी काही लिहिलंत तर एंटर दाबण्याआधी नजर ओळीच्या सुरुवातीला जाऊ द्या.

याच जातीची दुसरी चूक आयआरसीवाले करतात. आयआरसी ही इंटरनेटवरच्या गप्पांची व्यवस्था लिहिली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातल्या यार्को ओइकारिनेन यांनी, १९८८ साली. ते स्वतः बोर्ड चालवायचे. तिथली सवय झालेला माणूस आमच्याकडे येतो आणि कानात सांगायला ‘/एमएसजी दत्ता’ लिहितो. आमची पद्धत मेजर बीबीएस या जुन्या बोर्ड-सॉफ्टवेअरवरून उचललेली, म्हणजे स्लॅशला लागून थेट नाव. त्यामुळे आमचं सॉफ्टवेअर एमएसजी नावाच्या माणसाला शोधत बसतं. प्रत्येक बोर्डाची बोली वेगळी. नव्या ठिकाणी गेल्यावर आधी स्लॅश आणि प्रश्नचिन्ह टाइप करून बघा, बहुतेक ठिकाणी कमांडची यादी मिळते.

आता तीन अधिकचिन्हांबद्दल जरा सविस्तर, कारण त्यात माझीच फजिती झाली. हेज कंपनीचा स्मार्टमोडेम १९८१ साली आला आणि त्याच्या एटी कमांड, म्हणजे ‘एटी’ने सुरू होणारे मोडेमला द्यायचे हुकूम, पुढे सगळ्यांनीच उचलल्या. बोलणं चालू असताना मोडेमला हाक मारायची तर एक सेकंद गप्प बसायचं, ‘+++’ टाइप करायचं, पुन्हा एक सेकंद गप्प बसायचं. मोडेम ‘ओके’ म्हणतो आणि तुमचं ऐकू लागतो. आता एखाद्याने कुणाच्या विनोदाला दाद म्हणून ‘+++’ टाकलं आणि हसत मागे टेकला, तर नेमकं हेच होतं. त्यानंतर तो जे लिहितो ते मोडेम गिळतो, खोलीत काहीच पोचत नाही. त्याला वाटतं सगळे रुसले. अशा वेळी पडद्यावर ‘ओके’ दिसत असेल तर ‘एटीओ’ टाइप करून एंटर मारा, तुम्ही परत खोलीत येता.

पण त्या एका सेकंदाच्या शांततेवर हेजचं पेटंट होतं. ते चुकवण्यासाठी इतर काही कंपन्यांनी शांतता न मागणारे मोडेम काढले. तीन अधिकचिन्हं, पाठोपाठ एटी कमांड आणि एंटर, एवढ्यावर ते भागवतात. माझ्या चारांतले दोन या जातीचे निघाले. एका शनिवारी कुणीतरी नवशिक्याला शिकवायला म्हणून खोलीतच लिहिलं, ‘फोन ठेवायचा तर +++एटीएच’. इंग्रजी अक्षरांत, अर्थात. बोर्डाचं काम काय, एकाने लिहिलेलं सगळ्यांना पाठवायचं. ते पाठवताना ती ओळ माझ्या चारही मोडेममधून गेली, आणि त्या दोघांनी तिला माझा हुकूम समजून इमानेइतबारे फोन ठेवले. दोघेजण एकदम गायब. शिकवणारा मात्र जागेवरच, विचारतोय, ‘कळलं का?’

आता माझ्या मोडेमना सुरुवातीलाच ‘एटी एस२=२५५’ सांगितलेलं असतं. एस२ या रजिस्टरात, म्हणजे मोडेमच्या सेटिंगच्या खणात, १२७च्या वरचा आकडा दिला की मोडेम ती हाक ऐकणंच सोडतो. तुम्हीही आपल्या मोडेमला तेच सांगू शकता, फक्त मग फोन ठेवायचं काम तुमच्या संगणकावरच्या टर्मिनल प्रोग्रामकडे, म्हणजे ज्यातून तुम्ही बोर्डाशी बोलता त्याच्याकडे, द्यावं लागेल.

पडदा गोठला तर लगेच फोन तोडू नका. दहांतल्या आठ वेळा बोटांच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं. आता त्याचा अर्थ ‘सेव्ह’. इथे त्याचा अर्थ ‘पाठवणं थांबव’. कंट्रोल-क्यू दाबलं की साचलेलं सगळं भडाभडा येतं. प्रत्येक अक्षर दोनदा दिसत असेल तर लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं आपल्याच पडद्यावर उमटवणं, बंद करा. काहीच दिसत नसेल तर चालू करा. यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

मराठी रोमनमध्ये लिहा. मलाही ते आवडत नाही, पण बोर्डाची अक्षरमाला जुन्या पीसीची आहे. यूटीएफ-८ या आजच्या अक्षरपद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं होतं, आणि बोर्ड ते तीन वेगळी चिन्हं म्हणून दाखवतो. पहिला ग्रीक आल्फा, दुसरा बहुतेक वेळा डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन. एकाने एकदा मंगलाष्टकं चिकटवली होती; आल्फाच आल्फा, सावधान म्हणायलाही कुणाला जमलं नाही. वर आपला वेग २४०० बिट, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. ऐंशी बाय चोवीसचा पडदा भरायला आठ सेकंद लागतात. लांबलचक मजकूर चिकटवलात की तेवढा वेळ तुमचीच लाइन अडते.

पावसात मध्येच कचरा अक्षरं येऊ लागली तर तो तुमच्या घराबाहेरच्या ओल्या जोडाचा प्रसाद. तांब्याची तार असेल तर जोड पुसून घ्या, नाहीतर वेग उतरवा. आता बहुतेकांचा फोन फायबरच्या डब्यातून येतो, तिथे ओल नाही पण आवाज दाबून पाठवणारी सेटिंग असते. जी.७११ हा कोडेक, म्हणजे आवाज पाठवायची पद्धत, निवडा, बाकी दाबणारे कोडेक मोडेमच्या शिट्ट्यांचा भुगा करतात. कॉल वेटिंग बंद ठेवा. ते जमत नसेल तर ‘एटी एस१०=५०’ द्या, म्हणजे आवाज तुटल्यावर मोडेम पाच सेकंद वाट बघतो. एक्स्टेन्शनचा, म्हणजे त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनचा, इलाज मात्र कुठल्याच रजिस्टरात नाही. आमच्या आजीने एकदा खालचा फोन उचलला, ‘हो फोन कित्याक रडटा रे?’ असं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

जाताना खिडकी बंद करून उठू नका. आधी ‘/क्यू’ने खोलीबाहेर पडा, मग लॉगऑफ. मोडेमला वाहक सिग्नल तुटल्याचं कळवायला सांगितलेलं नसेल तर बोर्डाला तुम्ही बसलेलेच दिसता. लोक तुमच्या भुताशी बोलतात, आणि चारांतली एक लाइन अडून राहते. पाचवा माणूस एंगेज टोन ऐकत बसतो.

आणि पेज कमांड, म्हणजे मला हाक मारणं. शिकागोचा पहिला बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी १९७८ साली चालू केला, तेव्हा लाइन एकच होती. येणाऱ्याला बोलायला मालकाशिवाय दुसरं कुणी नव्हतंच. आपल्याकडे खोली आहे, आधी तिथे विचारा. पेज केलंत की माझ्या संगणकाची घंटा वाजते, आणि त्या संगणकाच्या खोलीखालीच आई झोपते. एकदा वाजवा. पाच मिनिटांत मी आलो नाही तर मी जेवायला खाली गेलोय असं समजा आणि निरोप लिहून ठेवा.