आजोबांच्या पिस्तुलाला ब्रासो लावू नका

गेल्या आठवड्यात पुन्हा एक फोटो आला. आरशासारखं लखलखीत पिस्तूल, खाली एकच ओळ: "काका, ओरिजिनल आहे ना? किती येतील?" मी विचारलं, ही चकाकी कुणी आणली? उत्तर आलं, "मीच. दोन रविवार घासलं." म्हणजे दोन रविवारांत ऐंशी वर्षं घासून टाकली. आता किती येतील, ते त्या ब्रासोच्या डब्यालाच विचारा.

मी विक्रेता नाही. गोव्यात फोंड्याला राहतो. वडिलांकडून वारशाने, रीतसर लायसनवर आलेलं .३२ चं वॉल्थर पीपी हे जर्मन पिस्तूल माझ्याकडे आहे. त्याच्यामुळे हा नाद लागला आणि नादामुळे लोक फोटो पाठवायला लागले. कुणाच्या पेटाऱ्यात पोर्तुगीज काळातलं काही निघतं, कुणाचा भाचा इंग्लंडातल्या स्विंडनहून निकामी केलेलं, म्हणजे गोळी झाडता येणार नाही असं, जर्मन पिस्तूल घेतो. चुका मात्र सगळ्यांच्या त्याच त्या.

आधी एक. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची डबी) काढायचं, मग चेंबर (नळीच्या मागचा, गोळी बसते तो कप्पा) बघायचं. याच क्रमाने. चेंबरमधली गोळी विसरणारे खूप भेटलेत.

चकाकीचा मोह

बारदेशातल्या एका जुन्या घरात लुगर हे जर्मन पिस्तूल होतं. साधं नव्हे, पोर्तुगीज सैन्याचं एम/९०८. पोर्तुगालने डीडब्ल्यूएम या जर्मन कारखान्याकडून ७.६५ मिलिमीटरची अशी सुमारे पाच हजार पिस्तुलं घेतली होती. चेंबरवर मुकुट आणि राजा दुसरा मानुएल याची मोहर. हा राजा १९०८ मध्ये गादीवर आला आणि १९१० मध्ये देश सोडून पळाला. फोटोत पिस्तूल काळपट, कडांना तपकिरी, मुठीच्या लाकडावर हाताचं तेल मुरलेलं. मला हवं होतं अगदी तसं. मी कळवलं, हात लावू नका, पाऊस थांबला की येतो.

पाऊस थांबेपर्यंत मालकांना दम निघाला नाही. जिथे बुलेट मोटारसायकलचे सायलेन्सर क्रोम करून मिळतात, तिथे त्यांनी ते नेऊन दिलं. (लायसनचं हत्यार असं कुणाच्याही हातात देणं गुन्हा आहे, हे त्यांना माझ्याकडून कळलं.) क्रोम चढवण्याआधी त्या माणसाने बफ मारला होता, म्हणजे फिरत्या चाकावर घासून काढलं होतं. तोही मन लावून. मी पोचलो तेव्हा मुकुटाचा, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा, नुसता उंचवटा उरला होता. साइडप्लेट (बाजूची झाकणपट्टी) आणि फ्रेम (मुख्य सांगाडा) यांच्यामध्ये केसाएवढी रेघ असते, तिथे चर पडली होती. सगळ्या धारदार कडा गोल झालेल्या.

या पिस्तुलाच्या एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या वरच्या पट्टीवर, पोर्तुगीजमध्ये 'कार्रेगादा' असं कोरलेलं असतं, म्हणजे 'भरलेलं'. चेंबरमध्ये गोळी असली की ती पट्टी वर उचलली जाते आणि शब्द दिसतो. घरातल्या म्हाताऱ्या आई पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. लहानपणी वडिलांनी तो शब्द दाखवल्याचं त्यांना आठवत होतं. पट्टी वर करून त्यांनी बोट फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं. शब्द क्रोमखाली बुजला होता. "हांगाच आशिल्लें मरे," इथेच होतं रे, एवढंच म्हणाल्या.

क्रोम काढता येतं, पण गेलेलं लोखंड परत येत नाही. नवीन ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) करून 'जुनं रूप' आणू नका, ती दुसरी वाट लागते. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेला धातू किंचित वर आलेला असतो, नखाला लागतो. बफ मारलेल्या पिस्तुलावर नख सरळ घसरतं. फोटोवर विसंबू नका, नख वापरा.

माझी पद्धत म्हणाल तर जुन्या धोतराचा तुकडा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, खाचेतल्या घाणीला लाकडी टूथपिक. बस. खोबरेल अजिबात नको, काही महिन्यांत ते चिकट होऊन सगळं जाम करतं. आपल्याकडे दाराच्या बिजागरीपासून केसांपर्यंत खोबरेल चालतं म्हणून पिस्तुलालाही चालतं असं नाही.

"हे एहरेनफेल्सवरचं आहे"

वास्कोकडच्या प्रत्येक तिसऱ्या गोष्टीत हे जहाज येतं. घटना खरीच. एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजं युद्ध सुरू झाल्यावर तटस्थ गोव्याच्या मुरगाव बंदरात येऊन अडकली होती. पुढे इटलीचं आन्फोराही आलं. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश हौशी घोडदळाचे वय झालेले सदस्य एका गाळवाहू बार्जमधून आले, गुप्त ट्रान्समीटर बंद पाडायला एहरेनफेल्सवर चढले आणि सकाळपर्यंत चारही जहाजं जळून-बुडून गेली. इतकी रंगतदार गोष्ट हाताशी असल्यावर पिस्तुलाला जोडायचा मोह कुणाला होणार नाही?

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या भाच्याने इंग्लंडमध्ये निकामी केलेलं पी-३८ हे जर्मन लष्करी पिस्तूल घेतलं. सोबत टाइप केलेलं पत्र: हे गोव्यात बुडालेल्या जर्मन जहाजावरच्या अधिकाऱ्याचं. भाचा वास्कोचा, छाती फुगली, नेहमीच्या दुप्पट पैसे मोजले. मला फोटो आला तो पैसे देऊन झाल्यावर. नेहमी तेव्हाच येतो.

मी पत्र वाचलंच नाही. स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) डाव्या बाजूचा फोटो मागवला. पी-३८, मग नंबर, मग 'बी-वाय-एफ ४४'. ही तीन अक्षरं म्हणजे माऊजर कारखान्याची युद्धकाळातली खूण आणि ४४ म्हणजे १९४४ साल. जहाज बुडालं मार्च १९४३ मध्ये. म्हणजे अधिकारी बुडाला आणि पिस्तूल नंतर जन्मलं! शिवाय त्यावर जर्मन लष्कराने माल तपासून घेतल्याचा गरुडाचा शिक्का होता. मालवाहू जहाजाच्या खलाशाकडे तो कुठून यावा?

पिस्तूल खरं होतं, हे गमतीचं. बी-वाय-एफ ४४ म्हणून त्याची जी किंमत होती ती होतीच. भाच्याने वरचे पैसे कागदासाठी मोजले. पत्र, छायाचित्र, म्यानावर शाईने लिहिलेलं नाव, हे सगळं नंतर तयार करता येतं, आणि करतात. माझी सवय अशी की आधी लोखंड वाचायचं, गोष्ट सगळ्यात शेवटी ऐकायची. आधी ऐकली की डोळे तिच्याच बाजूने बघायला लागतात. हे मी स्वतः एकदा पैसे घालवून शिकलो.

आणि भाच्यांनो, तिकडे प्रमाणपत्र असलं म्हणून ते बॅगेत टाकून दाबोळीला उतरू नका. इकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. 'ते चालत नाही हो' हे कस्टमच्या टेबलापाशी समजावून बघा.

नंबर जुळतात, पण कुठले?

लोक फ्रेमवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर बघतात आणि 'मॅचिंग' म्हणून मोकळे होतात. जर्मन लष्करी लुगरच्या बारक्या भागांवरही शेवटचे दोन आकडे असतात. चाप, सेफ्टी, टॉगलचे (माथ्यावरच्या दुमडणाऱ्या सांध्याचे) भाग, साइडप्लेट, सगळं उघडून बघा. एखादा वेगळा निघाला तर किंमत उतरते. सगळे जुळले पण एका भागावरचे आकडे वेगळ्या वळणाचे असतील, तर मी जास्त घाबरतो. कुणीतरी नंतर ठोकलेत.

नंबरामागचं बारकं अक्षर तर कुणी बघतच नाही. दहा हजारांपर्यंत आकडे गेले की ए, मग बी, असं चालायचं आणि नव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. असलेलं अक्षर सोडून नुसता नंबर सांगितला तर त्याला अर्थ नाही.

रंगही विचारा. माऊजरच्या लुगरवर चाप, सेफ्टीसारखे बारके भाग १९३७ पर्यंत पेंढ्याच्या पिवळसर रंगाचे असत. नंतर ते बंद झालं आणि सगळंच काळं निघू लागलं. १९४० च्या लुगरवर सोनेरी चाप दिसला तर कौतुक करू नका, तो कुणी बदलला ते शोधा.

बाकीच्या चुका पटापट.

जपानी नांबू टाइप १४ पिस्तुलावर '१६.८' असं काही असतं. ते १९१६ नव्हे. हे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं, शोवा वर्ष, त्यात १९२५ मिळवा: १९४१, ऑगस्ट. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या मराठा पलटणीतल्या पणजोबांची वस्तू म्हणून बेळगावहून एक फोटो आला होता, त्यांनी ती 'पहिल्या महायुद्धातली' ठरवून ठेवली होती. टाइप १४ हे १९२५ चं मॉडेल, हे तरी बघायचं!

एनफील्ड नंबर २ मार्क १ स्टार या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला, म्हणजे मागच्या हातोडीला, अंगठ्याने ओढायचं टोक नसतं. रणगाड्यात कुठे अडकू नये म्हणून ते मुद्दामच ठेवलेलं नाही. 'तुटलंय' म्हणून वेल्डिंग करून टोक बसवलेलं मी पाहिलंय. बोललो काहीच नाही.

सिंगर शिलाई मशीनवाल्यांनी अमेरिकन सैन्याची एम१९११ए१ पिस्तुलं बनवली फक्त पाचशे. तुम्हाला स्वस्तात मिळत असेल तर ते सिंगर नाही.

पाऊस, चामडं आणि निवडणूक

चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवू नका. म्यान जुनं, जोडीचं, किमती असेल तर वेगळं ठेवा. चामडं ओल धरतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते कधी वाळतच नाही. ऑक्टोबरात उघडाल तेव्हा म्यानाचा आकार नळीवर गंजाने छापलेला असेल.

लायसनधारक वारले तर हत्यार 'बघू नंतर' म्हणून कपाटात ठेवू नका. पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाच्या लायसनचा अर्ज. मोल ठरवायची घाई त्यानंतर.

निवडणुकीला हत्यारं जमा करायला सांगतात तेव्हा मी आधी चारी बाजूंनी फोटो काढतो, हलकं तेल लावून सुती कापडात गुंडाळतो आणि पावती तिथेच उभ्या उभ्या वाचतो. माझ्या वॉल्थरच्या नंबरामागे 'पी' आहे. गेल्या खेपेला पावतीवर तो नव्हता. शिपाई म्हणाला, "बाब, एका अक्षरान कितें जाता?" मी हललो नाही. मागे रांग वाढत गेली, शेवटी त्याने पेन काढून 'पी' घातला आणि बाजूला सही केली.